पुसलेली फाइल परत का येते? लर्निंग पोर्टलच्या अपलोडमधल्या वेबशेलचा माग आणि बंदोबस्त

लक्षण साधारण असे. कॉलेजचे किंवा क्लासचे पोर्टल वरवर ठीक चालते आहे, मुले असाइनमेंट टाकत आहेत. पण गुगलवर कॉलेजचे नाव शोधले की पोर्टलच्याच पत्त्याखाली ऑनलाइन जुगाराची पाने दिसतात. सर्व्हरवर शोधाशोध केली की अपलोडच्या फोल्डरमध्ये, मुलांच्या पीडीएफांच्या गर्दीत, एक पीएचपी फाइल सापडते. हाच वेबशेल, म्हणजे बाहेरच्या माणसाला ब्राउझरमधून सर्व्हरवर हुकूम चालवू देणारा कोड. ती पुसतात, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलतात, आणि आठवड्याभरात तसलीच फाइल दुसऱ्या नावाने हजर होते. मग होस्टिंगवाल्याला फोन, बॅकअप रिस्टोर, आणि पुन्हा पहिल्यापासून.

पुसली जाते ती फक्त फाइल. ती आत आली ती वाट, ती तिथे चालू शकली ती सोय आणि तिला परत आणून ठेवणारी यंत्रणा, तिन्ही जागच्या जागी राहतात. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचा तपास वेगळा करावा लागतो. बहुतेक ठिकाणी पहिल्यावरच सगळा जोर लावतात, म्हणजे फाइलचे एक्स्टेन्शन तपासणारा कोड आणखी कडक करतात. खरा फरक दुसऱ्याने पडतो.

आधी पुसू नका

फाइल दिसली की हात डिलीटकडे जातो आणि माग काढायची मुख्य खूण नाहीशी होते. आधी डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत घ्या आणि वेबसर्व्हरचे लॉग दुसऱ्या मशीनवर उतरवून ठेवा. डेबियन किंवा उबुंटूवर अपाचेचे लॉग मूळ सेटिंगनुसार रोज फिरतात (जुनी फाइल बाजूला, नवी सुरू) आणि १४ फेऱ्यांनंतर जातात. घुसखोरी महिन्यापूर्वीची असेल तर हाती काहीच उरत नाही. सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. लॉग फिरवणाऱ्या लॉगरोटेटमधला तो १४ चा आकडा बदलायला वेळ लागत नाही, तो आताच बदला.

फाइल कधी आली हे बघताना 'मॉडिफाय' तारखेवर जाऊ नका. टच कमांडने ती कुणालाही मागे नेता येते. शेजारच्या जुन्या फाइलची तारीख स्वतःला लावून घेणे ही वेबशेलची जुनी खोड आहे. स्टॅट कमांड चालवली की 'चेंज' अशी आणखी एक तारीख दिसते, तिला सीटाइम म्हणतात. ती टचने मागे जात नाही. म्हणून फाइंडमध्ये एमटाइमऐवजी सीटाइम वापरून शोधा. मात्र कुणी 'परमिशनचा घोळ असेल' म्हणून सगळ्या फोल्डरवर चाऊन किंवा सीएचमॉड फिरवले असेल, तर सगळ्या फायलींचा सीटाइम एकाच मिनिटाचा होतो आणि ही खूणही जाते. दुरुस्तीच्या उत्साहात पुरावा घालवण्याचा हा हमखास मार्ग.

सर्व्हर मुंबईत असला तरी त्याचे घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असते. आपली वेळ साडेपाच तास पुढे. रात्री २:४० ला आलेली फाइल लॉगमध्ये आदल्या दिवशीच्या २१:१० ला सापडेल. हा हिशेब चुकला की चुकीच्या विद्यार्थ्याच्या लॉगिनवर संशय जातो, म्हणून स्टॅटच्या आणि लॉगच्या दोन्ही वेळा एकदा शेजारी मांडून बघा.

आता अ‍ॅक्सेस लॉगमध्ये त्या फाइलच्या नावाने पहिली नोंद शोधा. तिथला आयपी घ्या आणि त्याच आयपीच्या आधीच्या १०-१५ मिनिटांतल्या पोस्ट विनंत्या, म्हणजे सर्व्हरला काही पाठवणाऱ्या विनंत्या बघा. ज्या पत्त्यावर पोस्ट गेली आणि त्यानंतर लगेच नवी फाइल उघडली गेली, ती आत येण्याची वाट. आयपी बदललेला असेल तर सीटाइमच्या मिनिटातल्या सगळ्याच पोस्ट बघा. पोस्टचा मजकूर लॉगमध्ये नसतो, त्यामुळे काय पाठवले ते कळणार नाही. कुठे पाठवले ते कळते, तेवढे पुरते.

परत यायला किती वेळ लागतो?

कारण ओळखायला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. स्नॅपशॉट घेतल्यावर फाइल पुसा आणि घड्याळ लावून बसा.

काही सेकंदांत परत आली, तर लिहिणारी प्रोसेस मेमरीत जिवंत आहे. स्वतःची वेळमर्यादा काढून टाकून लूपमध्ये फिरणारी पीएचपी स्क्रिप्ट स्वतःची मूळ फाइल पुसली गेल्यावरही चालत राहते. इथे सेवा रीस्टार्ट करून भागत नाही. वेबसर्व्हर आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी वेगळी सेवा) दोन्ही पूर्ण थांबवा आणि वेबयूजरच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर अजून काय चालू आहे ते बघा. दोन्ही सेवा बंद असताना त्या नावावर उरलेली प्रत्येक प्रोसेस संशयित. तिचे नाव कितीही सज्जन वाटो, प्रॉक फोल्डरमध्ये तिची खरी एक्झिक्युटेबल कुठली ते तपासा. मग प्रोसेस मारा, फाइल पुसा, आणि त्यानंतरच सेवा चालू करा.

ठरावीक मिनिटाला परत येत असेल, तर क्रॉन, म्हणजे नेमल्या वेळी कमांड चालवणारी सोय. रूट म्हणून क्रॉनटॅब बघितला तर रूटचाच दिसतो. वेबयूजरचा वेगळा बघावा लागतो, त्यासाठी यू पर्याय देऊन त्या यूजरचे नाव द्या. मूडल या लर्निंग पोर्टलच्या तयार प्रणालीचा स्वतःचा क्रॉन दर मिनिटाला चालवायची शिफारस आहे, त्यामुळे ती ओळ बघून कुणाला काही वाटत नाही. तीच ओळ शेवटपर्यंत वाचा. अर्धविराम टाकून पुढे आणखी एक कमांड चिकटवलेली असू शकते.

पोर्टलचे कुठलेही पान उघडले की फाइल परत येत असेल, तर मूळ कोडमध्ये कुणीतरी भर घातली आहे. कॉन्फिग फाइलची पहिली ओळ, थीमची हेडर फाइल आणि भाषांतराच्या फायली आधी बघा. डोळ्यांनी शोधत बसू नका. तुमच्या आवृत्तीची कोरी झिप उतरवा आणि फरक दाखवणारी डिफ कमांड रिकर्सिव्ह चालवून दोन्ही फोल्डर ताडून बघा. याच गटातला आणखी एक गडी म्हणजे डॉट यूजर-आयएनआय फाइल. पीएचपी एफपीएमवर किंवा सीजीआयवर असेल तर प्रत्येक फोल्डरमधली ही फाइल वाचली जाते आणि तिच्यातल्या ऑटो-प्रीपेंडने कुठलीही फाइल, अगदी जेपीजी नावाचीसुद्धा, प्रत्येक स्क्रिप्टच्या आधी चालवता येते. नाव डॉटने सुरू होते म्हणून साध्या एलएसमध्ये ती दिसत नाही. शिवाय पीएचपी तिला ३०० सेकंद लक्षात ठेवते. त्यामुळे पुसल्यावरही पाच मिनिटे परिणाम चालूच राहतो आणि 'ही नव्हती वाटतं' म्हणून माणूस भलतीकडे शोधायला जातो.

बॅकअप रिस्टोर केल्यावर किंवा नवा कोड चढवल्यावर परत आली, तर उत्तर उघड आहे. बॅकअपमधून फक्त डेटाबेस आणि मुलांच्या फायली घ्या, कोड नेहमी मूळ स्रोतातून नवा टाका.

दिवसांनी, अनियमित परत येत असेल, तर वाट अजून उघडी आहे किंवा कुणाचे तरी लॉगिन चोरीला गेले आहे. मूडलच्या अ‍ॅडमिनला वेबवरूनच झिप देऊन प्लगइन बसवता येते, आणि प्लगइन म्हणजे पीएचपी कोडच. तेव्हा अ‍ॅडमिनचा पासवर्ड फुटला की अपलोडमधले भोक लागतही नाही. कॉन्फिग फाइलमध्ये 'डिसेबल-अपडेट-ऑटो-डिप्लॉय' हे सेटिंग ट्रू केले की हा रस्ता बंद होतो. पासवर्ड बदलताना चालू सेशन आणि वेब सर्व्हिसची टोकन्सही रद्द करा.

फाइल कुठेच नाही पण गुगलवरून येणारा दुसरीकडे ढकलला जातो, असेही होते. मूडलमध्ये 'अ‍ॅडिशनल एचटीएमएल' नावाचे सेटिंग आहे, त्यातला मजकूर प्रत्येक पानाला जोडला जातो आणि तो डेटाबेसमध्ये असतो. फायली कितीही धुतल्या तरी तो तिथेच. शिवाय जाहिरातींची पाने बहुधा फक्त गुगलबॉटला किंवा गुगलवरून आलेल्यालाच दाखवतात. पत्ता थेट टाइप करून 'साइट ठीक आहे' असा निर्वाळा देऊ नका. कर्ल कमांडने गुगलबॉटचे यूजर-एजंट (मी कोण) आणि गुगलचे रेफरर (कुठून आलो) लावून तेच पान मागवा आणि दोन्ही उत्तरे ताडून बघा.

फाइल चालूच कशी शकते?

वेबयूजरला जिथे लिहिता येते तिथे कोड चालता कामा नये, आणि कोड जिथे चालतो तिथे त्याला लिहिता येता कामा नये. हे पाळले तर एक्स्टेन्शनची तपासणी फसली तरी हल्लेखोराच्या हाती एक निर्जीव फाइल राहते.

पहिली चाचणी: फाइंड कमांड वेबयूजर म्हणून चालवा, 'रायटेबल' पर्याय द्या आणि कोडचे फोल्डर दाखवा. यादी रिकामी यायला हवी. ७७७ करून ठेवलेल्या सर्व्हरवर ती स्क्रीनभर येते. कोडची मालकी रूटकडे किंवा डिप्लॉयच्या वेगळ्या यूजरकडे द्या, फोल्डर ७५५, फायली ६४४. कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो, म्हणून ती ६४०, गट वेबयूजरचा. अपलोडचे फोल्डर वेबरूटच्या, म्हणजे ब्राउझरमधून थेट उघडता येणाऱ्या फोल्डरच्या बाहेर काढा आणि फायली देण्याचे काम लॉगिन तपासणाऱ्या एका स्क्रिप्टवर सोपवा.

'एक्झिक्यूट परमिशन काढली, आता चालणार नाही' हा समज मात्र सोडा. पीएचपीची फाइल इंटरप्रिटर वाचतो, त्याला वाचण्याची परवानगी पुरते. पार्टिशन नो-एक्झेकने माउंट केले तरी वेबशेल मजेत चालतो.

अपलोड वेबरूटमधून हलवणे शक्य नसेल, तर सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमध्ये त्या फोल्डरपुरती बंदी घाला. एचटीअ‍ॅक्सेसवर, म्हणजे फोल्डरमध्येच ठेवलेल्या अपाचेच्या नियमांच्या फाइलवर, विसंबू नका. २०१८ मध्ये गाजलेले जेक्वेरी फाइल अपलोडचे प्रकरण नेमके याच कारणाने झाले: प्लगइनचे संरक्षण एचटीअ‍ॅक्सेस फाइलवर होते आणि अपाचेने २.३.९ पासून मूळ सेटिंगमध्ये अशा फायली दुर्लक्षित करायला सुरुवात केली होती. फाइल जागेवर होती, तिला विचारत कुणी नव्हते. उलट बाजूही वाईट. ओव्हरराइड, म्हणजे अशा फायली मानणे, चालू ठेवले तर हल्लेखोर स्वतःचीच एचटीअ‍ॅक्सेस अपलोड करून जेपीजीला पीएचपी ठरवू शकतो. अपलोडच्या फोल्डरला 'अलाऊओव्हरराइड नन' हवेच.

अपाचेवर पीएचपी कशी जोडली आहे तेही बघा. जुन्या पद्धतीने 'अ‍ॅडहँडलर'ने जोडली असेल तर अपाचे नावातल्या सगळ्या एक्स्टेन्शनांचा विचार करतो आणि 'निबंध.पीएचपी.जेपीजी' पीएचपी म्हणून चालते. त्याऐवजी 'फाइल्समॅच'मध्ये नावाच्या शेवटी पीएचपी असेल तरच 'सेटहँडलर', असे लिहा. आणि जुन्या मार्गदर्शिकांतला 'पीएचपी इंजिन ऑफ' हा उपाय मॉड-पीएचपीपुरताच, म्हणजे पीएचपी अपाचेच्या आतच चालते तेव्हापुरताच आहे. एफपीएमवर गेल्यावर, विशेषतः तो 'इफमॉड्यूल'च्या आत असेल तर, गुपचूप निकामी होतो. अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी, पीएचटीएमएल आणि 'फार' (phar) या शेवटांना सरळ 'रिक्वायर ऑल डिनाइड' द्या.

एनजिनएक्स या दुसऱ्या वेबसर्व्हरवर वेगळा सापळा आहे. अपलोडसाठी साधा लोकेशन ब्लॉक लिहिला तरी पीएचपीचा रेजेक्सवाला (अक्षरांच्या नमुन्याने नाव जुळवणारा) ब्लॉक त्याच्यावर मात करतो. साध्या प्रीफिक्सच्या आधी ^~ ही खूण लावली तरच रेजेक्स तपासले जात नाहीत. तसेच फोटोच्या पत्त्यापुढे '/काही.पीएचपी' जोडून फोटोच पीएचपी म्हणून चालवण्याची युक्ती जुनी आहे. एफपीएमच्या 'सिक्युरिटी लिमिट एक्स्टेन्शन्स'मुळे ती अडते, पण कुणी ती यादी रिकामी केली असेल तर नाही. ती बघा, आणि ट्राय-फाइल्स लावून नसलेल्या फाइलला ४०४ द्या.

दुसरी चाचणी: सात गुणिले सहाचे उत्तर छापणारी एका ओळीची पीएचपी फाइल बनवा आणि ती अपलोडच्या फोल्डरमध्ये वेगवेगळ्या नावांनी ठेवा: पीएचपी, पीएचटीएमएल, 'फार', दुहेरी एक्स्टेन्शन, कॅपिटल अक्षरांतले एक्स्टेन्शन. ब्राउझरमध्ये ४०३ किंवा ४०४ यायला हवे. कुठेही ४२ दिसले तर काम बाकी आहे. चाचणीनंतर त्या फायली काढायला विसरू नका.

आत येण्याची वाट

पोर्टल मूडल असेल तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मूडल मुलांच्या फायली मूडलडेटामध्ये, मजकुराच्या शा-१ हॅशच्या नावाने, एक्स्टेन्शनशिवाय ठेवते. त्यामुळे 'शेल डॉट पीएचपी' अशा नावाची फाइल सापडली तर ती असाइनमेंटच्या खिडकीतून आलेली नसणार. प्लगइन, त्याच होस्टिंग खात्यावरची जुनी वर्डप्रेस साइट, किंवा एफटीपीचा फुटलेला पासवर्ड, या क्रमाने बघा. मूडलडेटा चुकून वेबरूटमध्येच असेल तर सिक्युरिटी रिपोर्टमध्ये मूडल स्वतः तसे सांगते.

स्वतः बनवून घेतलेल्या पोर्टलवर अपलोडच्या जागा मोजा. असाइनमेंट सगळ्यांना आठवते. प्रोफाइल फोटो, चर्चेतली जोडणी, प्रश्नसंचाची आयात आणि एडिटरसोबत आलेला फाइल मॅनेजर विसरला जातो. हा शेवटचा बहुधा लॉगिन न विचारताच फाइल घेतो.

तुकड्यातुकड्याने होणारे अपलोड वेगळे तपासा. प्रवासात नेट तुटले की लोकलमधल्या मुलाचे अपलोड पहिल्यापासून सुरू होऊ नये म्हणून ही सोय घालतात, आणि तपासणी फक्त पहिल्या तुकड्यावर लावतात. शेमिलो या लर्निंग प्रणालीत २०२३ मध्ये जाहीर झालेला दोष, सीव्हीई-२०२३-४२२० (दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक), मोठ्या फायलींच्या अशाच 'बिगअपलोड' स्क्रिप्टमध्ये होता. लॉगिनची गरजच नव्हती आणि फाइल वेबरूटमध्ये जात होती. १.११.२४ पर्यंतच्या आवृत्त्यांना तो लागू आहे. तपासणी सगळे तुकडे जोडून झाल्यावर, पूर्ण फाइलवर करा.

तपासणी म्हणजे काय, तेही नीट. ब्राउझरने पाठवलेला कंटेंट-टाइप हा पाठवणाऱ्याचा शब्द आहे, त्याला किंमत शून्य. फाइलची सुरुवातीची बाइट्स बघणारे पीएचपीचे फाइनफो बरे, पण सुरुवातीला 'जीआयएफ८९ए' लिहून पुढे पीएचपी लिहिली की तेही फसते. काय चालणार नाही याची यादी करू नका, काय चालेल याची करा: पीडीएफ, डॉक्स, जेपीजी, पीएनजी. फोटो पुन्हा एन्कोड करून साठवा, म्हणजे मेटाडेटात दडवलेला मजकूर जातो. क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस लावा, पण तो ठरावीक आकाराच्या पुढची फाइल तपासत नाही, आणि नव्याने लिहिलेला दहा ओळींचा वेबशेल त्याला अनेकदा ओळखू येत नाही. तो चालू आहे की नाही हे ६८ बाइटांच्या आयकार या निरुपद्रवी चाचणी-फाइलने बघा.

झिप स्वीकारत असाल तर उलगडताना प्रत्येक नावातले '../' तपासा, नाहीतर फाइल फोल्डरबाहेर जाऊन बसते. उलगडल्यावर होणाऱ्या एकूण आकाराला मर्यादा घाला, झिपच्या आकाराला नव्हे. स्कॉर्मच्या (तयार ऑनलाइन धड्यांच्या) पॅकेजमध्ये जावास्क्रिप्ट असणारच, ती अडवता येत नाही. तिथे अपलोडचा हक्कच मोजक्या शिक्षकांना द्या.

एसव्हीजी आणि एचटीएमएल फायली सर्व्हरला काही करत नाहीत, त्या शिक्षकाला गाठतात. मुलाची 'असाइनमेंट' पोर्टलच्याच पत्त्यावर ब्राउझरमध्ये उघडली की आतली स्क्रिप्ट शिक्षकाच्या लॉगिनने गुण बदलू शकते. फाइल देताना कंटेंट-डिस्पोझिशन अटॅचमेंट आणि नोस्निफ हे दोन हेडर लावा. जमल्यास फायली वेगळ्या डोमेनवरून द्या.

तपासणी पुन्हा ढिली का होते

सगळे बंद केल्यावरही महिन्याभरात दार उघडे सापडते, कारण सबमिशनच्या शेवटच्या रात्री कुणीतरी ते उघडलेले असते. मुलांचे फोन येतात, फाइल चढत नाही, आणि ऑफिसमधून निरोप येतो की आजच्या रात्रीपुरते चेकिंग काढा. म्हणून तक्रारींची खरी कारणे आधीच निस्तरून ठेवावीत.

मराठी नावे हे त्यातले मोठे कारण. 'प्रकल्प अहवाल.पीडीएफ' हे नाव फक्त इंग्रजी अक्षरे मानणाऱ्या रेजेक्समध्ये अडते. युनिकोड अक्षरांना परवानगी दिली पण चिन्हांच्या गटाला दिली नाही, तर काना-मात्रे गळून पडतात. पीएचपीचे बेसनेम फंक्शन सर्व्हरची लोकेल, म्हणजे भाषेचे सेटिंग, 'सी' असेल तर नावाच्या सुरुवातीची देवनागरी खाऊन टाकू शकते. आणि ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइट्स मिळतात. देवनागरीचे प्रत्येक अक्षर, मात्रा आणि हलन्त तीन-तीन बाइट्स घेतात, म्हणजे हिशेब ८५ वर संपतो. विद्यार्थ्याने नाव, वर्ग, विषय आणि कॉलेज लिहिले की तो ओलांडला जातो. या सगळ्यावर एकच उपाय: मुलाने दिलेले नाव डिस्कवर वापरूच नका. डिस्कवर यादृच्छिक नाव द्या, मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवा आणि डाउनलोडच्या वेळी यूटीएफ-८ मध्ये परत द्या. पत्ते अंदाजाने काढता येत नाहीत हा वरचा फायदा. प्रवेशाच्या पोर्टलवर आधार आणि जातीचे दाखले १०१, १०२ अशा क्रमाने पडलेले असतील तर तिथे वेबशेलचीही गरज नाही.

दुसरे कारण आकार. पीएचपीची मूळ मर्यादा फाइलला २ एमबी आणि पूर्ण पोस्टला ८ एमबी आहे. उत्तरपत्रिकेचे मोबाइलवर काढलेले दहा फोटो त्यात मावत नाहीत. दोन्ही मर्यादा आणि एनजिनएक्सची क्लायंट मॅक्स बॉडी साइज एकत्र वाढवा, एनजिनएक्स मूळचे १ एमबीवरच ४१३ देते. तिसरे कारण आयफोनचे एचईआयसी फोटो. ते यादीत नसतील तर अर्जाच्या पानावरच तसे लिहा, किंवा यादीत घालून सर्व्हरवर जेपीजी करून घ्या.

एवढे करूनही त्या रात्री अडले, तर तपासणीला हात न लावता मुदत सकाळी १० पर्यंत वाढवायचा अधिकार ड्युटीवरच्या माणसाला आधीच लेखी देऊन ठेवा.